पोत्याबाहेरची ब्राह्मी : नांदेड-लातूर परिसरातील पाणथळ पायवाटा

जांगल, आनूप आणि साधारण असा देश त्रिविध असतो, हे आपण सर्वांनी विद्यार्थिदशेतच कंठस्थ केले आहे. परीक्षेत त्यांची लक्षणेही लिहिली. तथापि आनूप भूमीवर प्रत्यक्ष उभे राहून तेथील वनस्पती ओळखण्याचा योग आपल्यापैकी किती जणांना आला, असा प्रश्न केला तर उत्तर फारसे समाधानकारक येणार नाही. आमचेही तसेच होते. मराठवाडा म्हणजे कोरडवाहू प्रदेश, येथे पाणथळ जागा कोठून असणार, अशी आमची समजूत होती. गेल्या काही हिवाळ्यांत एस.टी.ने केलेल्या छोट्या पायी सहलींनी ती दूर केली. त्या अनुभवाचे सार व्यवसायबंधू-भगिनींपुढे ठेवावे, हा या लेखाचा हेतू आहे.

ज्या प्रसंगाने सुरुवात झाली

कंधारच्या तलावकाठी आमच्यातील एका ज्येष्ठ औषधनिर्मात्यांनी चिखलात पसरलेली एक वेल उपटून हाती घेतली आणि म्हणाले, “ही पाहा ब्राह्मी.” पानांच्या वरच्या अर्ध्या भागाला दाते होते आणि पिंपळीसारखी छोटी फुलबोंडे लागली होती. ती जलपिप्पली होती. तीस वर्षे ब्राह्मीची पोती विकत घेणाऱ्या, चूर्ण आणि घृत तयार करणाऱ्या या गृहस्थांनी जिवंत ब्राह्मी कधी पाहिलीच नव्हती. त्यांनी ते मोकळेपणाने मान्य केले. आम्ही उरलेल्यांनी मात्र मान खाली घातली, कारण त्यांच्या आधी आम्हीही माना डोलावल्या होत्या.

हा प्रसंग हसण्यावारी नेण्याजोगा नाही. कच्चे औषधिद्रव्य आज आपल्या दारी येते ते वाळलेले, चुरलेले आणि पोत्यात बांधलेले. जिवंत वनस्पती ज्याने पाहिलेली नाही, तो चुरा पाहून भेसळ कशी ओळखणार?

कोठे जावे

या परिसरात खुणा केलेल्या, फलक लावलेल्या पायवाटा नाहीत. त्यांची गरजही भासत नाही. शेतशिवारातील पाणंद, कालव्याचा बांध आणि गुराढोरांनी पाडलेली पाऊलवाट एवढी सामग्री पुरेशी आहे. जमीन बहुतांशी सपाट वा मंद उताराची असल्याने पन्नाशी-साठी ओलांडलेल्या मंडळींनाही चालणे जड जात नाही.

पहिली वाट नांदेडजवळच्या विष्णुपुरीची. उपसा सिंचनासाठी बांधलेल्या येथील प्रकल्पामुळे गोदावरीचे पाणी विस्तीर्ण पसरले आहे. काठावर काळेश्वराचे मंदिर आहे आणि जवळच १९९४ साली स्थापन झालेले स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ. शहरापासून हे ठिकाण हाकेच्या अंतरावर असल्याने दवाखाना उघडण्यापूर्वी जाऊन येणेही शक्य होते.

दुसरी वाट कंधारची. नांदेडहून सुमारे ५० किलोमीटर. राष्ट्रकूटकालीन जगत्तुंग समुद्र हा तलाव आणि खंदकाने वेढलेला भुईकोट किल्ला एकाच फेरीत पाहता येतात. हजार वर्षांपूर्वीच्या जलव्यवस्थापनाचा हा नमुना इतिहासप्रेमींनाही आनंद देईल.

तिसरी वाट धर्माबादकडील बाभळी बंधाऱ्याची. सर्वोच्च न्यायालयाच्या २०१३ सालच्या निर्णयानुसार या बंधाऱ्याचे दरवाजे १ जुलै ते २८ ऑक्टोबर या काळात उघडे ठेवावे लागतात. त्यानंतर दरवाजे बंद झाले की पाणी साठू लागते आणि काठाची रेषा बदलते. म्हणून येथे दिवाळीनंतर जावे आणि वाट गावकऱ्यांना विचारूनच धरावी.

चौथी वाट लातूर जिल्ह्यातील. निलंगा तालुक्यातील औराद शहाजानी परिसरात तेरणा आणि मांजरा यांचा संगम आहे. बीड जिल्ह्यात बालाघाटाच्या डोंगररांगेत उगम पावलेली मांजरा लातूर, बीदर आणि तेलंगण असा वळसा घेऊन नांदेडच्या सीमेवर कंदकुर्तीजवळ गोदावरीस मिळते. आपले दोन्ही जिल्हे या एका नदीने जोडलेले आहेत. याच लातूरला १२ एप्रिल २०१६ रोजी मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले होते. पहिल्या गाडीला १० वाघिणी होत्या, प्रत्येकीत सुमारे ५० हजार लिटर पाणी होते. त्याच वर्षी पावसाळ्याच्या अखेरीस मांजरा दुथडी भरून वाहिली. देशाचे लक्षण कालानुसार कसे पालटते, याचे याहून बोलके उदाहरण आम्हास ठाऊक नाही.

काय पाहावे

ब्राह्मीची पाने लहान, मांसल, समोरासमोर आणि अखंड कडेची असतात. फूल पांढुरके वा फिकट जांभळे, चव कडू. मंडूकपर्णीचे पान लांब देठावर, वृक्काच्या आकाराचे आणि नागमोडी कडेचे असते. भारतीय आयुर्वेदीय औषधिकोशाने ब्राह्मी म्हणून बॅकोपा मोनिएरी आणि मंडूकपर्णी म्हणून सेंटेला एशियाटिका अशा दोन स्वतंत्र वनस्पती मानल्या आहेत. उत्तरेकडील बाजारात मात्र दुसरीलाही ब्राह्मी म्हणण्याचा प्रघात आहे. खरेदीच्या वेळी हे ध्यानात ठेवावे.

माक्याचे पान तळहातावर चोळले असता काळसर डाग उमटतो. पिवळ्या फुलांच्या भृंगराजापासून त्याची पांढरी फुले सहज वेगळी कळतात. पाणी ओसरलेल्या चिखलात गोरखमुंडीची जांभळी, गोल, सुगंधी फुलबोंडे दिसतात. कोकिलाक्षाच्या प्रत्येक पेरावर लांब पिवळे काटे असतात. त्याच्यापाशी आम्ही ग्रंथ उघडून चर्चा करीत असता म्हशी राखणारे एक वृद्ध गृहस्थ थांबले. “ह्यो कोळसुंदा, डॉक्टरसाहेब. काटे बघूनच ढोरं बाजूला होतात,” असे सांगून ते पुढे गेले. गुराखी, मेंढपाळ आणि वनवासी यांना औषधींची नावे आणि रूपे ठाऊक असतात, असे चरकाचार्यांनी सूत्रस्थानाच्या पहिल्याच अध्यायात म्हटले आहे. त्या वचनाची प्रचिती अशी आली.

मुस्त्याविषयी भावप्रकाशाचे मत येथे स्मरणीय ठरते. आनूप देशात उगवलेला मुस्ता श्रेष्ठ, असे भावमिश्र सांगतात. याउलट चरकाने मरुभूमीस आरोग्यकर देशांत अग्रस्थान दिले असून आनूप देशास अहितकर देशांत प्रथम गणले आहे. दोन्ही वचने काठावर उभे राहून वाचली की विरोध उरत नाही. निवासास जो देश बाधक, तोच काही द्रव्यांस पोषक असतो. कफप्रधान प्रकृतीच्या रुग्णास तलावाकाठच्या घरात वारंवार श्वास का लागतो, हेही अशा वेळी चटकन उमगते.

काय करू नये

आता सर्वांत महत्त्वाचा मुद्दा. या वाटा ओळखीसाठी आहेत, संकलनासाठी नाहीत. ब्राह्मी ही पाण्यातील व चिखलातील जड धातू शोषून घेणारी वनस्पती आहे, हे आधुनिक संशोधनाने दाखविले आहे. शहराचे नाले जेथे नदीस मिळतात, तेथून खालच्या अंगाची हिरवीगार ब्राह्मी दिसावयास कितीही सुंदर असली तरी औषधास अयोग्य समजावी. पाण्यावर जलपर्णीचा दाट थर असेल तर तेथे सांडपाणी येत असावे, अशी शंका घ्यावी.

हा विचार आपल्यास नवा नाही. चरकाने कल्पस्थानात औषधिसंग्रहासाठी स्मशान, वारूळ आणि क्षारयुक्त जमीन वर्ज्य सांगितली आहे. सुश्रुताने जलौकांचे सविष-निर्विष भेद सांगताना कुजक्या, मलिन पाण्यातील आणि कमळे फुलणाऱ्या स्वच्छ पाण्यातील जलौका वेगळ्या मानल्या. नाल्याच्या तोंडाशी उगवलेल्या वनस्पतीस तोच न्याय लावणे हे आपले कर्तव्य ठरते. फार्मसीधारकांनी ब्राह्मी खरेदी करताना ती कोणत्या पाण्यावर वाढली, हे पुरवठादारास विचारावे आणि जड धातूंच्या तपासणीचा अहवाल मागावा. उत्तर न मिळाल्यास माल परत करण्याचे धैर्य दाखवावे.

प्रवासाविषयी थोडेसे

हेमंत आणि शिशिर हे या सहलींस उत्तम ऋतू. बलाच्या अर्ध्या मर्यादेत व्यायाम हा नियम पाळल्यास सकाळचे दोन-तीन तासांचे चालणे पुरेसे होते. परतीची गाडी कधी आहे, हे उतरतानाच वाहकास विचारून घ्यावे. काही गावांत दुपारनंतर थेट मुक्कामी गाडीच येते. काळ्या मातीचा गाळ वरून सुकलेला दिसला तरी आत ओला असतो, म्हणून काठी टेकून पाहिल्याखेरीज पाऊल टाकू नये. ७५ वर्षांवरील प्रवाशांना एस.टी.ने २०२२ पासून मोफत प्रवासाची आणि महिलांना २०२३ पासून निम्म्या तिकिटाची सवलत दिली. आपल्या संघटनेतील ज्येष्ठ वैद्यांनी तिचा लाभ घेऊन तरुण पदवीधरांना सोबत न्यावे, अशी विनंती आहे.

आमचे ते ज्येष्ठ औषधनिर्माते पुढच्या हिवाळ्यात पुन्हा आमच्यासोबत विष्णुपुरीस आले. काठावर वाकून त्यांनी एक पान तोडले, चावले, कडू लागताच समाधानाने मान हलविली आणि वेल होती तेथेच राहू दिली. आता त्यांच्या दुकानाच्या मागील अंगणात सिमेंटच्या टाकीत, नळाच्या पाण्यावर ब्राह्मी वाढते आहे. नवे पोते आले की ते प्रथम त्या टाकीपाशी जातात, एक ओली फांदी खुडून आणतात आणि मगच पोत्याचे तोंड सोडतात.