दिवसा काम, रात्री दहावी : लालबागच्या रात्रशाळेचं सत्र कसं पार पडतं?

लालबाग (मुंबई) : घरची अडचण आली किंवा नववीत गाडी अडली, की गावातला पोरगा मुंबईचा रस्ता धरतो. लालबाग-परळला मामा असतो, नाहीतर गावकीची खोली असते. दोन-चार दिवसांत कुठेतरी काम लागतं. कुणी मसाल्याच्या दुकानात, कुणी कॅन्टीनमध्ये, कुणी कुरिअरला, कुणी हॉस्पिटलच्या साफसफाईला. घरचे धरून चालतात, 'आता शिक्षण सुटलं.'

पण तसं नसतं. लालबाग-परळ भागात संध्याकाळी दिवसाची शाळा सुटली की त्याच वर्गांमध्ये रात्रशाळा भरते. आठवी, नववी, दहावी. काम न सोडता शिकता येतं आणि परीक्षा तीच असते, जी गावच्या हायस्कूलमधली मुलं देतात. या शाळांचं जून ते दिवाळी हे पहिलं सत्र कसं जातं, त्यात काय साधतं आणि पोरं कुठे गळतात, हे गावाकडच्या पालकांनी समजून घ्यायला हवं. कारण वर्गातली बरीच पोरं मूळची गावाकडचीच असतात.

गिरणीच्या भोंग्यापासूनची परंपरा

कष्टकऱ्यांसाठी रात्रीची शाळा ही आपल्याकडे जुनी गोष्ट आहे. महात्मा फुले आणि सावित्रीबाईंनी १८५५ मध्ये पुण्यात शेतकरी-मजुरांसाठी रात्रीची शाळा चालवली. मुंबईत ना. म. जोशी यांनी १९११ मध्ये सोशल सर्व्हिस लीग ही संस्था काढली. तिने कामगार वस्तीत रात्रशाळा आणि वाचनालयं सुरू केली. लोअर परळच्या ज्या रस्त्याला आज ना. म. जोशी मार्ग म्हणतात, ते हेच जोशी.

लालबाग, परळ, चिंचपोकळी म्हणजे गिरणगाव. कोकणातून आणि घाटावरून आलेला माणूस गिरणीत लागायचा, एका खोलीत वीस-पंचवीस जण पाळीपाळीने झोपायचे, जेवण खानावळीत. याच गिरणगावात वाढलेले कवी नारायण सुर्वे शाळेत शिपायाची नोकरी करता करता मराठी सातवी पास झाले आणि पुढे शिक्षक झाले. काम करत शिकणं इथल्या लोकांना नवं नाही.

१८ जानेवारी १९८२ ला गिरण्यांचा मोठा संप सुरू झाला आणि त्यानंतर गिरणगावाची घडी विस्कटली. गिरण्यांच्या जागी टॉवर आणि मॉल उभे राहिले. गिरणी कामगार गेला, पण कष्टकरी गेला नाही. आता तो सुरक्षा रक्षक आहे, डिलिव्हरी बॉय आहे, घरकाम करणारी बाई आहे. रात्रशाळेच्या बाकावर आज ही मंडळी बसतात. एकाच वर्गात पंधरा वर्षांचा पोरगा असतो आणि लग्नानंतर शाळा सुटलेली, आता मुलं मोठी झाल्यावर परत आलेली आईही असते.

जून-जुलै : पट जमवायचा

सत्र सुरू होतं जूनच्या मध्याला. दिवसाच्या शाळेत मुलं आपोआप येतात, रात्रशाळेत शोधून आणावी लागतात. शिक्षक चाळीत, दुकानात, हॉटेलात फिरतात. मालकाला विनंती करतात, 'पोराला साडेसहाला सोडा.' शाळा साधारण अडीच-तीन तास चालते. त्यामुळे मालकाने अर्धा तास आधी सोडलं की नाही, यावर पोराचं वर्ष ठरतं.

पहिली अडचण कागदाची. बऱ्याच मुलांकडे शाळा सोडल्याचा दाखला नसतो. तो गावच्या शाळेत पडलेला असतो. कुणाचं आधार कार्डावर नाव एक आणि दाखल्यावर दुसरं. दाखला येईपर्यंत महिना जातो, आणि तेवढ्यात पोराचा उत्साह ओसरतो.

दुसरी अडचण पायाची. शिक्षण हक्क कायदा १ एप्रिल २०१० पासून लागू झाला. तो ६ ते १४ वयाच्या मुलांना आठवीपर्यंतचं मोफत आणि सक्तीचं शिक्षण देतो. पण आठवीपर्यंत आलेल्या सगळ्यांनाच नीट वाचता येतं असं नाही. त्यात दोन-तीन वर्षांचा खंड पडलेला. म्हणून रात्रशाळेत दहावीचं गणित सुरू करण्याआधी अपूर्णांक आणि भागाकार पुन्हा शिकवावे लागतात. इंग्रजीची तर बऱ्याच जणांना धास्तीच असते.

याच दिवसांत गावाकडे लावणी असते. घरून फोन येतो, 'चार दिवस ये.' चार दिवसांचे पंधरा होतात. परत आल्यावर वर्ग पुढे गेलेला असतो आणि पोराला वाटतं, आता काय जमणार. पहिली गळती इथे होते.

गणपती : लालबागचा सगळ्यात मोठा सण, शाळेची सगळ्यात मोठी परीक्षा

ऑगस्ट-सप्टेंबरात लालबागमध्ये पाय ठेवायला जागा नसते. चिंचपोकळीचा चिंतामणी १९२० पासून, गणेश गल्लीचा मुंबईचा राजा १९२८ पासून, लालबागचा राजा १९३४ पासून. तिन्ही मंडळं चालत जाण्याच्या अंतरावर. रस्ते बंद, बस वळवलेल्या, रांगा रात्रभर.

शाळेला सुट्टी असते, पण विद्यार्थ्यांना नसते. मसाले-चिवड्याची दुकानं, फुलं, खाण्याच्या गाड्या, मंडपाची कामं. वर्षातली चांगली कमाई याच दिवसांत होते. कोकणातला पोरगा असेल तर तो गावी जातो. सुट्टी संपते, गर्दी ओसरते, पण सगळे बाक लगेच भरत नाहीत. म्हणून अनुभवी शिक्षक सुट्टीआधीच अभ्यासाची छोटी यादी हातात देतात आणि सुट्टीनंतरच्या पहिल्या आठवड्यात एकेकाला फोन लावतात. हे काम पुस्तकात नाही, पण शाळा त्यावर टिकते.

दिवाळीपर्यंत : हजेरी आणि फॉर्म

गणपतीनंतर सत्र परीक्षा येते. त्याच सुमाराला दुकानांत दिवाळीचा ओव्हरटाइम सुरू होतो. बोर्डाच्या नियमाने दहावीला बसायला ७५ टक्के हजेरी लागते. दिवाळीच्या आसपास बोर्डाचे फॉर्म भरले जातात. म्हणजे ज्याने पहिल्या सत्रात हजेरी सांभाळली, त्याची मार्चची अर्धी लढाई इथेच झालेली असते.

पेपर सगळ्यांना सारखाच. भाषेचा पेपर ८० गुणांचा लेखी आणि २० गुणांचं शाळेतलं मूल्यमापन. गणिताचे ४०-४० चे दोन भाग आणि वर २० गुण, विज्ञान आणि सामाजिक शास्त्रांचंही तसंच. पास व्हायला ३५ टक्के. एक-दोन विषय राहिले तरी एटीकेटीने अकरावीला प्रवेश मिळू शकतो आणि पुरवणी परीक्षेत विषय सोडवता येतात. त्यामुळे 'एका विषयात गेला म्हणजे सगळं गेलं' असं समजायचं कारण नाही.

सत्रात काय कमावलं, ते कसं मोजायचं?

नव्वद टक्के मिळवणारा पोरगा इथे क्वचितच दिसतो. रात्रशाळेची कमाई वेगळी असते. जूनमध्ये बाकावर गप्प बसणारी बाई ऑक्टोबरात बँकेची स्लिप स्वतः भरते. दोन वर्षं पुस्तक न उघडलेला मुलगा पहिली सत्र परीक्षा पूर्ण देतो. गावाहून परत आलेला पुन्हा वर्गात बसतो.

आणि दहावी पास झाल्याचा उपयोग रोकडा आहे. आयटीआयच्या बहुतेक ट्रेडना दहावी लागते. ग्रामीण डाक सेवकाची भरती दहावीच्या गुणांवर होते. दहावी पास असेल तर पासपोर्ट ईसीएनआर प्रकारचा मिळतो, म्हणजे आखाती देशांत नोकरीला जाताना इमिग्रेशनची वेगळी परवानगी काढावी लागत नाही. रत्नागिरी-रायगडकडच्या घरांना याचं महत्त्व सांगायला नको.

ओढाताण काय आहे?

रात्रशाळेची स्वतःची इमारत सहसा नसते. दिवसाच्या शाळेचे वर्ग मिळतात, पण प्रयोगशाळा, वाचनालय आणि संगणक मिळतीलच असं नाही. पोरं कामावरून थेट येतात, पोटात काही नसतं. ही गरज ओळखून २००८ पासून 'मासूम' ही संस्था मुंबईतल्या रात्रशाळांना खाऊ, अभ्यासाचं साहित्य आणि प्रयोगांसाठी मदत देत आली आहे.

शिक्षकांचा प्रश्नही आहेच. पूर्वी दिवसा एका शाळेत शिकवणारे शिक्षक रात्री दुसऱ्या शाळेत शिकवत. मे २०१७ च्या शासन निर्णयाने अशा दुबार शिक्षकांची रात्रीची सेवा थांबवली. अनेक शाळांना सत्राच्या तोंडावर नव्याने घडी बसवावी लागली. पुढे २०२० मध्ये करोनाने वर्ग बंद झाले. मोबाईलवर शिकायचं, तर घरात एकच मोबाईल आणि तोही कामासाठी लागणारा.

सगळ्यात मोठी काळजी पटाची. चाळी पाडून टॉवर झाले, भाडेकरू विरार-बदलापूरकडे गेले. कामाला लालबागला येणारा रात्री साडेनऊला शाळा सुटल्यावर घरी कधी पोहोचणार? पट कमी झाला की शिक्षकांची पदं कमी होतात, पदं कमी झाली की तुकडी बंद होते. आणि एकदा बंद झालेली रात्रशाळा पुन्हा सुरू होणं अवघड असतं. तेव्हा उद्या गावातून येणाऱ्या पोराला ही वाट उरणारच नाही.

गावातून काय करता येईल?

पोरगा मुंबईला निघाला की त्याच्या पिशवीत शाळा सोडल्याचा दाखला टाका. मूळ दाखला हरवला असेल तर गावच्या शाळेतून दुय्यम प्रत काढून ठेवा. आधार आणि दाखला, दोन्हींवर नाव आणि जन्मतारीख एकच आहे ना, ते पाहून घ्या.

लालबाग-परळला गावकीचं मंडळ असेल तर त्यांना सांगा, 'जूनमध्ये जवळच्या रात्रशाळेत चौकशी करा.' शाळेत विचारायच्या गोष्टी तीन : वर्ग किती वाजता भरतो, कोणते कागद लागतात आणि मुलींना घरी सोडण्याची काही सोय आहे का.

लावणीला बोलवायचं असेल तर दिवस मोजून बोलवा आणि परतीचं तिकीट आधी काढा.

रोजची हजेरी जमतच नसेल, तर १७ नंबरचा फॉर्म भरून खासगीरीत्या दहावीला बसता येतं. पण त्यात रोज शिकवणारं कुणी नसतं आणि 'आज का नाही आलास?' असा फोनही कुणी करत नाही. ज्याचं शिक्षण एकदा सुटलं आहे, त्याला बऱ्याचदा त्या फोनचीच गरज असते. म्हणून जवळ रात्रशाळा असेल तर आधी तिथेच नाव घाला.