अचौर्यव्रत आणि आपला काटा

चोरी करू नये, हे कोणत्याही व्यापाऱ्यास सांगावे लागत नाही. म्हणूनच पाच अणुव्रतांपैकी अचौर्य हे सर्वांत सोपे, असा आपला समज असतो. परंतु आचार्य उमास्वामींनी तत्त्वार्थसूत्राच्या सातव्या अध्यायात या व्रताचे जे पाच अतिचार सांगितले आहेत, ते वाचल्यावर हा समज टिकत नाही.

दुसऱ्याला चोरीस प्रवृत्त करणे, चोरीचा माल घेणे, राज्याचे नियम डावलून व्यवहार करणे, वजनमापे कमीअधिक ठेवणे आणि चांगल्या मालात हलका माल मिसळणे, हे ते पाच दोष होत. यांत घर फोडणाऱ्याचा उल्लेख कोठेही नाही. हे सारे दोष भरदिवसा, दुकानाच्या गादीवर घडणारे आहेत. आपल्या देशात भेसळीविरुद्ध कायदा १९५४ साली आणि प्रमाणित वजनमापांचा कायदा १९५६ साली झाला. आचार्यांनी मात्र हे दोन्ही दोष कित्येक शतकांपूर्वीच चोरीच्या पंक्तीस बसविले होते.

याचे कारण चोरीच्या व्याख्येत आहे. न दिलेली वस्तू घेणे म्हणजे चोरी. ग्राहक पैसे देतो ते कोरड्या गव्हाचे. क्विंटलमागे दोन किलो ओल अधिक असेल, तर तेवढ्या पाण्याला त्याने गव्हाचा भाव दिला. पण तो जाणूनबुजून दिला नाही. तेवढी रक्कम आपणांस 'अदत्त'च होय.

मनुष्य या पायरीपर्यंत येतो कसा? दहाव्या-अकराव्या शतकात माळव्यात होऊन गेलेले आचार्य अमितगती यांनी अतिक्रम, व्यतिक्रम, अतिचार आणि अनाचार अशा चार पायऱ्या सांगितल्या आहेत. प्रथम मनाची शुद्धता ढळते, मग मर्यादेचे कुंपण ओलांडले जाते, पुढे कृती घडते, आणि शेवटी तिची आसक्ती जडून ती सवय होते.

आम्ही स्वतः या पायऱ्या उतरलो आहोत. एका वर्षी अवकाळी पावसात आमची काही पोती भिजली. प्रथम मनात आले, 'नुकसान आपणच का सोसावे?' मग बाजारात सगळेच असे करतात, अशी समजूत घातली. शेवटी ती पोती कोरड्या मालात मिसळून विकली. ग्राहकाने तक्रार केली नाही; त्यामुळे पुढच्या वर्षी मनाला पहिल्याइतका संकोचही वाटला नाही. याचेच आम्हांस अधिक भय वाटले. तेव्हापासून भिजलेला माल वेगळा ठेवून, ग्राहकास सांगून, उतरत्या भावाने विकतो. त्यात तोटा येतो, हे खरे.

तात्पर्य, चौथ्या पायरीवरून परतणे कठीण, पहिलीवरून सोपे. प्रतिक्रमण याचसाठी आहे. जयेंद्रगंजात आम्ही रोज सकाळी दुकान उघडताच रिकामा काटा शून्यावर आहे की नाही, हे पाहतो. संध्याकाळी रोजमेळ मिटविण्यापूर्वी तशीच एक नजर मनाकडेही टाकावी, एवढीच बंधुवर्गास विनंती.