शिबिरातून परत पाठवलं, मग?

मागे आमच्या बचत गटातल्या अकरा जणी अंबरनाथला एका रक्तदान शिबिरात गेलो होतो. रक्त घेतलं फक्त चौघींचं. मीही परत आले. बोटाला सुई टोचून पाहिलं तर माझं हिमोग्लोबिन १०.८! रिक्षात एकजण म्हणाली, "ताई, आता परत नाही यायची मी."

रक्त द्यायला हिमोग्लोबिन किमान १२.५ लागतं, वजन ४५ किलो आणि वय १८ पूर्ण. पाळी चालू असेल, दिवस गेले असतील किंवा बाळ अंगावर पीत असेल तर घेत नाहीत. हे नियम आपल्याच जिवासाठी आहेत. घेतात ते ३५० मिली, वजन जास्त असलं तर ४५०. काम दहा मिनिटांचं. पुन्हा द्यायचं तर पुरुषाने तीन महिन्यांनी, बाईने चार.

मग एवढी धडपड कशाला? थॅलेसेमिया झालेल्या मुलांच्या अंगात रक्त नीट तयारच होत नाही. दर दोन ते चार आठवड्यांनी रक्त चढवावं लागतं, तेही जन्मभर. आपलं उल्हासनगर फाळणीनंतर आलेल्या सिंधी कुटुंबांनी वसवलं, आणि सिंधी समाजात या आजाराचे वाहक जास्त आढळतात. पण वाहक मराठी घरांतही असतात, तेव्हा 'तो त्यांचा आजार' असं म्हणू नका. रक्त कारखान्यात बनत नाही. पैसे घेऊन रक्त द्यायला १९९८ पासून बंदी आहे. साठवावं तर लाल पेशी पाच-सहा आठवडेच टिकतात. मे महिन्यात कॉलेजं बंद, निम्मं बदलापूर गावाला, शिबिरं कमी. मुलाची तारीख मात्र पुढे ढकलता येत नाही.

म्हणून आम्ही परत आलेल्या सात जणींनी ठरवलं, रक्त वाढवायचं. दवाखान्यातून लोहाच्या गोळ्या घेतल्या. अळिवाचे लाडू, शेवग्याचा पाला, पालेभाजीवर लिंबू. जेवणाबरोबरचा चहा बंद, कारण चहाने अन्नातलं लोह अंगी लागत नाही. हे सगळ्यांत अवघड गेलं बाई! चार महिन्यांनी माझं १२.७ झालं.

एकीचं मात्र गोळ्या खाऊनही हलेना. डॉक्टरांनी एचबीए-टू नावाची तपासणी करायला लावली, तेव्हा कळलं की ती थॅलेसेमियाची वाहक आहे. वाहक म्हणजे आजारी नव्हे. पण नवरा-बायको दोघंही वाहक असले, तर प्रत्येक गरोदरपणात मूल आजारी निघण्याची शक्यता चारात एक. तिचा नवरा वाहक नाही निघाला. आता मुलीचं लग्न ठरवायचंय, तर पत्रिकेआधी मुलीचं रक्त तपासून घेणार आहे.

पुढच्या शिबिरात तिने नवऱ्याला आणि दोन्ही दिरांना रांगेत उभं केलं. रिक्षात रुसलेली तीच ही. तुम्ही जाल तेव्हा पोटभर जेवून जा, उपवासाचा दिवस टाळा.