कंदील जळतो तिथेही माणूस मरतो

मराठवाड्यात जोंधळा पेवात, म्हणजे जमिनीखालच्या खड्ड्यात, साठवला जायचा तेव्हा पेव फोडल्याबरोबर कुणी आत उतरत नसे. तोंड उघडं ठेवून आत वारं खेळू द्यायचं, मग दोरीला कंदील बांधून खाली सोडायचा. तो विझला तर थांबायचं. बंद पेवात धान्यही श्वास घेतं. ते ऑक्सिजन संपवतं आणि कार्बन डायऑक्साइड सोडतं. हा वायू हवेच्या दीडपट जड असल्यामुळे तळाशी साचतो. ऑक्सिजन 21 टक्क्यांवरून 16-17 टक्क्यांवर आला की ज्योत मान टाकते, आणि माणूस वरच राहतो. पेवापुरतं हे माप चोख होतं.

आता पेवं बुजली आणि गावोगाव शौचालयांच्या टाक्या आल्या. या टाक्यांमध्ये कंदिलाचं काही चालत नाही. मिथेन साचला असेल तर स्फोटच व्हायचा. आणि खरा मारेकरी, हायड्रोजन सल्फाइड, कंदिलाला कळतच नाही. हवेच्या दहा लाख भागांत त्याचे हजार भाग, म्हणजे 1000 पीपीएम, असले तरी टक्केवारीत ते भरतात जेमतेम 0.1. ज्योत हलतही नाही. माणूस मात्र एक-दोन श्वासांत कोसळतो.

जानेवारी 2017 च्या अखेरीस लातूरच्या एमआयडीसीत खाद्यतेलाच्या कारखान्यातली टाकी साफ करताना 9 कामगार गेले. मे 2023 मध्ये परभणी जिल्ह्यातल्या सोनपेठ तालुक्यात, भाऊचा तांडा शिवारात शौचालयाची टाकी उपसताना 5 जण दगावले. 9 एप्रिल 2024 ला, ऐन पाडव्याच्या दिवशी, नेवासा तालुक्यातल्या वाकडीत बायोगॅसची शेणस्लरी सोडलेल्या पडक्या विहिरीत मांजर पडलं. ते काढायला एक उतरला, त्याला काढायला दुसरा, असं करत 5 जणांचा जीव गेला. कमरेला दोर बांधून उतरलेला एक जण तेवढा वाचला.

अशा प्रत्येक घटनेनंतर एक प्रश्न हमखास विचारला जातो: झाकण तर उघडं होतं, वारा लागत होता, मग विष आलं कुठून? ते नुसतं हवेत नसतं, पाण्यात विरघळलेलं असतं.

मँचेस्टरच्या विल्यम हेन्री यांनी 1803 मध्ये मांडलेला नियम असा, की द्रवात विरघळलेला वायू आणि वरच्या हवेतला वायू यांचं प्रमाण ठरलेलं असतं; एक वाढला की दुसराही त्याच पटीत वाढतो. प्रमाण मात्र वायूगणिक वेगळं. 20 अंश सेल्सिअसला, नेहमीच्या दाबाखाली, एक लिटर पाण्यात शुद्ध ऑक्सिजन सुमारे 30 मिलिलिटर मावतो, कार्बन डायऑक्साइड लिटरभराला थोडा कमी आणि हायड्रोजन सल्फाइड तब्बल अडीच लिटर. लिटरमागे नुसता एक मिलिग्रॅम विरघळलेला असेल, तरी बंद टाकीत वरच्या हवेत तो अडीचशे पीपीएमच्या पुढे जाऊ शकतो. धोक्याची रेषा आहे 100 पीपीएम.

शांत टाकीवर साय धरलेली असते, त्यामुळे वायू सावकाश निघतो. बांबूने घुसळलं किंवा आत पाय पडला, की उघडलेल्या सोड्याच्या बाटलीसारखा तो उसळून येतो. नांदेडच्या मे महिन्यात पाणी 40 अंशांवर गेलं तर त्यात 20 अंशांच्या मानाने दोनतृतीयांशाहून कमी वायू मावतो; उरलेला वर येतो. शौचालय धुण्याचं अ‍ॅसिड टाकीत गेलं तर आणखी वाईट, कारण आम्ल वाढलं की पाण्यात क्षाररूपात बांधलेला सल्फाइडही वायू होऊन सुटतो.

नाकावर भिस्त ठेवणं हा तर शुद्ध आत्मघात. हायड्रोजन सल्फाइडचा सडक्या अंड्यांसारखा वास पीपीएमच्या शंभराव्या भागालाही कळतो, पण 100-150 पीपीएमच्या पुढे नाकच बधिर होतं. ‘वास गेला, आता उतरा’ असं म्हणायची वेळ हीच सर्वांत घातक.

मुठीत मावणारा चार वायूंचा मीटर ऑक्सिजन, ज्वलनशील वायू, कार्बन मोनॉक्साइड आणि हायड्रोजन सल्फाइड एकाच वेळी मोजतो. तो नळीने वर, मध्ये आणि तळाशी लावून बघायचा असतो. शिवाय घुसळण सुरू झाल्यावर आधीचा आकडा शिळा होतो, म्हणून मीटर काम संपेपर्यंत चालू हवा. मुळात माणूस उतरवायचाच का, हा प्रश्न आहेच. 2013 च्या कायद्याने गटार आणि मैलाटाकीची धोकादायक सफाई माणसाकडून करून घेण्यास बंदी आहे.

हेन्रींचा तोच नियम न्यायवैद्यक प्रयोगशाळेत उपयोगी पडतो. रक्तातला अल्कोहोल मोजताना नमुना बंद कुपीत तापवतात आणि वर जमलेली वाफ यंत्रात सोडतात. वरचं प्रमाण कळलं की खालचं काढता येतं. हायड्रोजन सल्फाइड मात्र इथेही हुलकावणी देतो. शरीरात त्याचं झपाट्याने थायोसल्फेट होतं, आणि मृतदेह कुजताना तोच वायू आपोआपही तयार होतो. म्हणून नुसता वायू सापडला एवढ्यावर तज्ज्ञ निष्कर्ष काढत नाहीत. रक्त आणि लघवीतलं थायोसल्फेट, नमुना कधी घेतला ती वेळ आणि टाकीतल्या हवेचा आकडा हे सगळं जुळवून बघावं लागतं. यातला शेवटचा आकडा त्याच दिवशी, जागेवर घेतला नसेल तर नंतर मिळत नाही.