डिकीतली आर्ट गॅलरी

टार्गेट पूर्ण करायला भर उन्हात दारोदार फिरलायत कधी? मग हॅरॉल्ड न्यूटनशी तुमचं नक्की जमेल. फ्लोरिडातला हा कृष्णवर्णीय तरुण (जन्म १९३४) कुठल्याही आर्ट स्कूलची पायरी चढला नाही. आधी मखमलीवर धार्मिक चित्रं काढायचा. फोर्ट पियर्सचे गोरे चित्रकार ए. ई. बॅकस यांनी सुचवलं, निसर्ग रंगव. मग काय, वाऱ्यात वाकलेले ताड, पेटलेलं संध्याकाळचं आभाळ, दलदलीतलं संथ पाणी!

पण वर्णभेदाच्या त्या काळात गॅलरीचं दार उघडणार कोण? पठ्ठ्याने चित्रं गाडीत टाकली आणि रस्त्यालगतची ऑफिसं, दवाखाने, मोटेल्स पालथी घातली. कॅनव्हास महाग, म्हणून बांधकामातला स्वस्त अपसन बोर्ड. फ्रेमसुद्धा छताच्या कडेला ठोकतात त्या लाकडी पट्ट्यांची. किंमत साधारण २५ डॉलर, रंग अनेकदा ओलाच! (तीच चित्रं आता हजारो डॉलर्सना जातात.)

असं विकणारे आणखीही होते. मला विचाराल तर त्यांच्यातला खरा बॉस न्यूटनच. ‘हायवेमेन’ हे नाव त्यांना १९९०च्या दशकात पडलं. २००४मध्ये या २६ जणांना फ्लोरिडाच्या आर्टिस्ट्स हॉल ऑफ फेममध्ये स्थान मिळालं. न्यूटन १९९४मध्येच गेला होता.