यंत्राची पत आणि कामगाराचा विश्वास

व्यापारी कुटुंबांत विश्वासाला एक नेमका शब्द आहे : पत. नव्या गिऱ्हाइकाला पहिल्याच दिवशी कोणी लाखाची उधारी देत नाही. आधी थोडा माल दिला जातो, वायद्याप्रमाणे पैसे येतात की नाही हे पाहिले जाते, खातेवहीत त्याची नोंद राहते आणि मगच उधारीची मर्यादा वाढते. हा व्यवहार आपल्याला पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक आहे. कारखान्यात कृत्रिम बुद्धिमत्ता आणताना मात्र आपण तो विसरतो. यंत्रणा विकत घेतली, बसवली, की दुसऱ्या दिवसापासून कामगाराने तिचे ऐकावे अशी आपली अपेक्षा असते. तो ऐकत नाही, तेव्हा ‘ही माणसे जुन्या वळणाची’ असा शेरा मारून आपण मोकळे होतो. प्रश्न खरोखर कामगाराच्या वळणाचा आहे काय?

नवे यंत्र काय करते?

आजच्या कारखान्यांत ही बुद्धिमत्ता मुख्यतः दोन कामांसाठी येते. एक, कॅमेऱ्याच्या साहाय्याने कापडातील, ओतकामातील वा सुट्या भागांतील दोष हेरणे. दुसरे, यंत्राचा कंप, तापमान व आवाज यांवरून बिघाडाची आगाऊ सूचना देणे. या दोन्ही कामांत यंत्रणा हजारो जुन्या नमुन्यांवरून शिकते आणि अंदाज सांगते. तो अंदाजच असतो. तराजूच्या काट्यासारखे ते निश्चित माप नव्हे. तिच्या चुकाही दोन प्रकारच्या असतात : चांगला माल खराब ठरवणे आणि खराब माल चांगला म्हणून सोडून देणे. शिवाय आपण असे का ठरवले, हे तिला बहुधा सांगता येत नाही. वीस वर्षे बेअरिंगच्या आवाजावरून दुखणे ओळखणाऱ्या कारागिराला कारण न सांगता हुकूम करणारा हा सहकारी परका वाटला, तर त्यात नवल नाही.

दोन शहरे, दोन अनुभव

हा पेच नवा नाही. १९२८ मध्ये मुंबईच्या गिरण्यांत विणकराने दोनऐवजी तीन माग सांभाळावेत, अशा स्वरूपाच्या काटकसरीच्या योजना पुढे आल्या. त्यामागे कोणाची नोकरी जाणार, वाढलेल्या कामाचा मोबदला काय, याची खात्री कामगारांना नव्हती. संप सुमारे सहा महिने चालला. कामगारांचा अविश्वास मागावर नव्हता; माग ज्या हेतूने वाढवले जात होते त्या हेतूवर होता.

याच्या पाव शतकानंतरचा अहमदाबादचा अनुभव अधिक बोधप्रद आहे. साराभाई घराण्याच्या कॅलिको मिलमध्ये स्वयंचलित माग बसवण्यात आले. माग नवे, कामगार अनुभवी. तरीही उत्पादन अपेक्षेइतके निघेना आणि खराब कापडाचे प्रमाण मोठे होते. लंडनच्या टॅव्हिस्टॉक संस्थेचे ए. के. राइस यांनी १९५३ मध्ये या विभागाचा अभ्यास केला. तेथे २२४ मागांवर २९ कामगार बारा प्रकारची वेगवेगळी कामे करीत होते. कोणी कांड्या भरी, कोणी तुटलेले धागे सांधी, कोणी तेल घाली; पण कोणत्या मागांची जबाबदारी कोणाची, हे कोणालाच धड सांगता येत नव्हते.

राइस यांनी सुचवले की ठरावीक मागांचा एक संच एकाच लहान गटाकडे सोपवावा. कामगारांनी ही कल्पना उचलून धरली आणि आपले गट आपणच जुळवले. एका प्रायोगिक गटात ६४ माग आणि सात माणसे होती. माग तेच राहिले आणि गिरणीही तीच. कार्यक्षमता सुमारे ८० टक्क्यांवरून ९५ टक्क्यांकडे गेली आणि खराब मालाचे प्रमाण सुमारे ३२ टक्क्यांवरून २० टक्क्यांवर आले. पुढे १९७० मध्ये एरिक मिलर यांनी तेथे पुन्हा पाहणी केली, तेव्हा एका विभागात ही पद्धत टिकून होती. इतरत्र ती सुटत गेली होती. यंत्राप्रमाणे विश्वासालाही देखभाल लागते, हे त्यातून दिसते.

अविश्वास आणि अंधविश्वास

कृत्रिम बुद्धिमत्तेच्या बाबतीत धोका दोन्ही बाजूंनी आहे. पेनसिल्व्हेनिया विद्यापीठातील डीटव्होर्स्ट, सिमन्स व मॅसी यांनी २०१५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत असे आढळले की संगणकाचा अंदाज एकदा चुकताना पाहिला, की लोक त्याच्याकडे पाठ फिरवतात; एकंदरीत तो माणसापेक्षा कमी चुकत असला तरीही. त्याच संशोधकांच्या पुढील प्रयोगांत, संगणकाच्या अंदाजात थोडासा जरी बदल करण्याची मुभा मिळाली, तर लोक तो अधिक सहजपणे स्वीकारताना दिसले. कामगाराला ‘नाही’ म्हणण्याची जागा ठेवली, की त्याचा ‘होय’ मिळणे सोपे होते, असा याचा व्यवहारातला अर्थ.

उलट बाजूही तितकीच गंभीर आहे. यंत्रणा शंभर वेळा बरोबर ठरली, की एकशे एकाव्या वेळी डोळे मिटले जातात. सूचना आली नाही म्हणजे सारे ठीक आहे, असे मानून कामगार स्वतःचे कान आणि डोळे वापरणे सोडतो. म्हणून कामगाराने यंत्रावर जास्तीत जास्त विश्वास ठेवावा, हे आपले ध्येय असू नये. यंत्राच्या योग्यतेइतकाच विश्वास असावा. पत नेहमी ऐपतीच्या प्रमाणातच द्यायची असते.

कामगाराच्या मनातील प्रश्न

यंत्रणेला शिकवतो कोण? ‘हा डाग, हा नव्हे’ हे कॅमेऱ्याला दाखवून देणारा बहुधा आपलाच अनुभवी माणूस असतो. त्याची आयुष्यभराची पारख त्या यंत्रणेत उतरते. पारख काढून घेतल्यावर आपली गरज उरेल काय, हा प्रश्न त्याच्या मनात येणारच. कापड पाहण्यासाठी लावलेला कॅमेरा उद्या आपल्या चहाची मिनिटे मोजू लागेल काय, हा दुसरा. आणि यंत्राचे ऐकून माल बिघडला तर दंड कोणाला, हा तिसरा. या प्रश्नांची उत्तरे यंत्र विकणाऱ्या कंपनीकडे नाहीत. ती मालकानेच द्यावयाची आहेत.

आपण काय करावे?

पहिली गोष्ट म्हणजे हेतू आधी सांगावा आणि तो पाळावा. मालासाठी आणलेले यंत्र माणसावर पाळत ठेवण्यासाठी वापरू नये. युरोपीय संघाच्या २०२४ च्या कायद्याने कामाच्या ठिकाणी चेहरा वा आवाज यांवरून कामगाराच्या भावना ताडणाऱ्या यंत्रणांना, वैद्यकीय व सुरक्षेचे अपवाद वगळता, मनाई केली आहे. ती २ फेब्रुवारी २०२५ पासून लागू झाली. आपल्याला मर्यादा पाळण्यासाठी कायद्याची वाट पाहण्याचे कारण नाही.

दुसरी, थांबवण्याचा अधिकार कामगाराच्या हाती असावा. साकिची टोयोडा यांच्या १९२४ च्या स्वयंचलित मागाची ख्याती अशी, की धागा तुटला की तो आपोआप थांबे. पुढे टोयोटाच्या मोटार कारखान्यांत हेच तत्त्व माणसांना लागू झाले : दोष दिसताच साध्या कामगारानेही दोरी ओढावी आणि गरज पडल्यास सारी साखळी थांबावी. दोरी ओढणाऱ्याला तेथे दोष दिला जात नाही. आपल्याकडेही यंत्रणा ‘ठीक’ म्हणत असताना कारागिराला शंका आली, तर त्याची शंका नोंदली आणि तपासली गेली पाहिजे.

तिसरी, यंत्रणेचे खाते उघडावे. आधी काही आठवडे ती केवळ सल्लागार म्हणून चालवावी. तिने काय सांगितले, कारागिराने काय सांगितले आणि शेवटी काय खरे निघाले, हे तीन रकान्यांत रोज लिहावे व ते सर्वांना पाहता यावे. कोठे यंत्र सरस, कोठे माणूस, हे वाद न घालता दिसू लागते.

चौथी आणि सर्वांत महत्त्वाची, लाभाचा वाटा द्यावा. वाचलेल्या मालातून, टळलेल्या बिघाडातून जो पैसा उरतो, त्याचा काही भाग पगारात, प्रशिक्षणात किंवा कष्टाची पाळी हलकी करण्यात दिसावा. ज्याच्या पारखीवर यंत्र शिकले, त्याला शिकवणाऱ्याचा मान आणि मोबदला मिळावा.

आपल्या पूर्वजांच्या पेढ्या मालकाच्या शब्दावर चालत. यंत्र बसवताना ‘कोणाच्याही पोटावर पाय येणार नाही’ असे वचन आपण दिले असेल, तर तेही त्याच खात्यात मांडले गेले आहे असे समजावे. पहिली अडचण आली, मंदी आली, की त्याची मुदत भरते. त्या दिवशी आपण शब्द पाळला, तर पुढचे यंत्र आणताना कामगारांची समजूत घालत बसावे लागणार नाही.