गावाला दिसते, घरी दिसत नाही!

संत्र्याच्या झाडाचे पान पिवळे पडले, की काटोलचा जाणता बागाईतदार लगेच पानावर औषध मारीत नाही. तो बुंध्याशी वाकतो, माती उकरतो, मुळी हातात घेऊन पाहतो. पाणी साचले आहे काय, शेजारची झाडेही पिवळी पडली आहेत काय, याचा अदमास घेतो. दुखणे दिसते एके ठिकाणी आणि असते दुसरीकडे, हे त्याला अनुभवाने ठाऊक झालेले असते. इंटरनेटच्या बाबतीत मात्र आपण शिकलेसवरलेले लोक पानावरच औषध मारतो! संकेतस्थळाचे पान उघडले नाही, की राऊटर बंद करून पुन्हा चालू करावयाचा, दोन वेळा सुस्कारा टाकावयाचा आणि कंपनीच्या नावाने बोटे मोडावयाची. एवढ्यावर आपले निदान संपते.

मला हा रोग मुळापासून तपासावा लागला, त्याचे कारण असे. आमच्या महाविद्यालयातील मुलामुलींनी काही वर्षे आपापल्या घरच्या वडीलधाऱ्यांकडून बोलीतले शब्द गोळा केले. शेताला वावर, कपाशीच्या झाडाला पऱ्हाटी, कोथिंबिरीला सांबार, बागेतला मृग बहार नि आंबिया बहार. शब्दांबरोबर ते बोलणाऱ्यांचे आवाजही मुलांनी टिपून आणले. हे सारे धन मी स्वखर्चाने एका लहानशा संकेतस्थळावर ठेवले. आणि एके दिवशी ते माझ्या घरून उघडेनासे झाले.

पुण्यात नोकरी करणारा एक जुना विद्यार्थी मात्र फोनवर म्हणाला, “मॅडम, मायाकडे तं बराबर उघडून राहिली!” तेव्हा मला हायसे वाटले. पण दुसऱ्याच दिवशी गावातल्या एका विद्यार्थिनीच्या आईने विचारले, “मॅडम, आमच्या आबाजीचा आवाज काढून टाकला काय जी?” आबाजी त्याच वर्षी वारले होते. पहिल्या दिवाळीला सगळे गोतावळ्यासह जमणार होते आणि त्यांना तो आवाज ऐकावयाचा होता. त्यांच्याही घरून पान उघडत नव्हते. शब्द ज्यांचे, त्यांच्याच अंगणात ते मुके झाले होते! आता स्वस्थ बसणे शक्य नव्हते.

पहिला प्रश्न : कोणाला दिसत नाही?

‘काय बिघडले?’ हा प्रश्न दुसरा. ‘कोणाला दिसत नाही?’ हा पहिला. त्याची परीक्षा अगदी सोपी आहे. मोबाइलवरचे वायफाय बंद करावे आणि सिमकार्डाच्या इंटरनेटवरून तेच पान उघडून पाहावे. माझ्याकडे ते चटकन उघडले. म्हणजे संकेतस्थळ जिवंत होते. मग घरच्या वायफायवर इतर संकेतस्थळे उघडली. म्हणजे घरची तारही शाबूत होती. दुसरा ब्राउझर, दुसरा संगणक, सगळे करून पाहिले. घरच्या जोडणीवर कोठेच दाद लागेना. तेव्हा दोष यंत्रातही नव्हता. उरली ती मधली वाट.

नावाचा आकडा

आपण संकेतस्थळाचे नाव लिहितो. यंत्रांना मात्र आकडेच समजतात. पूर्वी जगातल्या जोडलेल्या यंत्रांची नावे नि आकडे एकाच यादीत असत आणि ती यादी अमेरिकेतील स्टॅनफर्ड संशोधन संस्थेत राखली जाई. जोडण्या वाढल्या तशी ती यादी पुरी पडेना. तेव्हा १९८३ साली पॉल मोकापेट्रिस यांनी नावांची आजची व्यवस्था मांडली. तिला ‘डीएनएस’ म्हणतात. आपल्या घरचा राऊटर नाव घेतो, कंपनीच्या नोंदवहीला विचारतो आणि आकडा घेऊन येतो.

ही नोंदवही कधी कधी शिळी असते. संकेतस्थळाने बिऱ्हाड बदलले, तरी काही तास, क्वचित एखादा-दुसरा दिवस, ती जुनाच पत्ता सांगत राहते. त्याची पारख म्हणजे ‘एनएसलुकअप’ ही आज्ञा. एकदा कंपनीच्या नोंदवहीला विचारावे, एकदा ८.८.८.८ किंवा १.१.१.१ या सार्वजनिक नोंदवह्यांना विचारावे. दोन्ही उत्तरे जुळली, तर नावाचा घोटाळा नाही. माझी जुळली.

वाटेवरचे टप्पे

पुढची आज्ञा ‘पिंग’. माइक म्यूस या अमेरिकन तंत्रज्ञाने ती १९८३ च्या डिसेंबरात लिहिली. पाण्याखाली ध्वनी सोडून त्याच्या प्रतिध्वनीवरून पाणबुडीचा ठाव घेतात, त्या आवाजावरून हे नाव पडले. समोरचे यंत्र साद ऐकून प्रतिसाद देते काय, हे तिने कळते. तिची धाकटी बहीण ‘ट्रेसरूट’ ही वाटेवरचा एकेक टप्पा सांगते. माझा निरोप घरच्या राऊटरमधून निघाला, कंपनीच्या यंत्रांतून सुखरूप पुढे गेला आणि शेवटच्या उंबरठ्याशी आल्यावर पडद्यावर नुसती फुल्यांची रांग लागली. काही यंत्रे मुद्दामच उत्तर देत नाहीत, म्हणून केवळ फुल्या पाहून निकाल देऊ नये. पण ब्राउझरही ‘वाट पाहून थकलो’ अशाच अर्थाचा निरोप देत होता. नाव सापडले नाही असे तो म्हणत नव्हता, नकार मिळाला असेही म्हणत नव्हता. दारातला माणूस ‘नाही’ म्हणत नाही, नि ‘या’ही म्हणत नाही, ऐकूनच घेत नाही! असे वागणे बहुधा पहारेकऱ्याचे असते.

दोन चाळी आणि एक पहारेकरी

येथे थोडे गणित सांगितले पाहिजे. १९८१ साली ठरलेल्या पद्धतीत पत्त्यांची एकूण संख्या ४२९ कोटी ४९ लाख ६७ हजार २९६ एवढीच. भारतात सामान्य माणसाला इंटरनेट मिळाले ते १५ ऑगस्ट १९९५ रोजी, विदेश संचार निगमाकडून. आणि २०११ च्या फेब्रुवारीत जागतिक कोठारातले या पत्त्यांचे शेवटचे गठ्ठे वाटूनही झाले. पंगतीला उशिरा बसलेल्याच्या पानात काय पडावे? म्हणून पुष्कळ कंपन्या अनेक घरांना मिळून बाहेरचा एकच पत्ता देतात. जणू चाळीतल्या सगळ्या बिऱ्हाडांना रस्त्यावरचा एकच क्रमांक! राऊटरच्या पानावर इंटरनेटचा पत्ता १००.६४ ते १००.१२७ या मालिकेतला दिसला, तर आपणही अशा चाळीत राहतो असे समजावे. ही मालिका २०१२ साली याच कामासाठी राखून ठेवली गेली.

मी आमचा बाहेरचा पत्ता पाहिला आणि आबाजींच्या घरचाही पाहावयास सांगितला. दोन्ही अक्षरशः एक निघाले!

आता दुसरी चाळ. लहान संकेतस्थळांना स्वतंत्र यंत्र परवडत नाही. एकाच यंत्रावर अनेकांची बिऱ्हाडे असतात. त्या यंत्राच्या दारात एक पहारेकरी बसलेला असतो. एखाद्या पत्त्यावरून वारंवार चुकीचा परवलीचा शब्द येऊ लागला, की तो पत्ता तो बंद करतो. आमच्या चाळीतल्या कोणाच्या तरी संगणकात शिरलेला उपद्रवी प्रोग्राम त्यांच्या चाळीतल्या भलत्याच दाराची कुलुपे खडखडावीत होता. पहारेकऱ्याने आमची सगळी चाळच अडवली. सुक्याबरोबर ओलेही जळते, ते असे.

तक्रार कशी लिहावी?

हे कळले ते यंत्र सांभाळणाऱ्या मंडळींच्या उत्तरावरून, आणि ते उत्तर मिळाले ते नीट लिहिलेल्या पत्रामुळे. ‘साइट चालत नाही’ एवढे लिहिले, तर ‘आमच्याकडे चालते’ एवढेच उत्तर येते. म्हणून मी पाच गोष्टी लिहिल्या : आमचा बाहेरचा पत्ता, तारीख नि वेळ, ट्रेसरूटची नक्कल, मोबाइलवरून पान उघडते हा पुरावा, आणि त्याच पत्त्यावरच्या दुसऱ्या घराचा तसाच अनुभव. दुसऱ्या दिवशी दार उघडले. चार दिवसांनी ते पुन्हा बंद झाले! तेव्हा कायमचा उपाय मागितला. पहारा परवलीच्या शब्दाच्या दारापुरताच ठेवावा, वाचकाच्या दाराला अडसर नको. शिवाय संकेतस्थळाला नव्या पद्धतीचाही, म्हणजे आयपीव्ही-सिक्सचा, पत्ता द्यावा. त्या पद्धतीत पत्ते इतके अमाप आहेत की घरांना चाळीत कोंबण्याचे कारणच उरत नाही. दोन्ही मागण्या मान्य झाल्या. दिवाळीच्या आधी आबाजींचा आवाज त्यांच्या ओसरीवर पुन्हा बोलू लागला.

वाचकहो, एक गोष्ट मात्र मनात राहिली आहे. पुण्याच्या वाचकाला शब्द दिसत होते, म्हणून यंत्रांच्या हिशेबी सारे आलबेल होते. काटोलातल्या चार घरांनी ‘काढून टाकले असेल’ असे म्हणून गप्प बसणे पत्करले असते, तर ते बंद दार कोणाला कधी कळलेही नसते. आपल्या लोकांना असे गप्प बसण्याची फार सवय आहे. तेव्हा दिसत नाही म्हणजे नाहीच, असे समजू नये. शेजाऱ्याला विचारावे, मोबाइलवर पाहावे, टप्पे मोजावे आणि मग दार ठोठवावे. आणि हो, असल्या ठेव्याची एक नक्कल घरातल्या पेटीतही ठेवावी. तिथला पहारेकरी निदान आपल्या ओळखीचा असतो!